अक्काचं गार घर आणि तीस किलोवॉटचा बॉयलर

आमच्याकडं घर गरम करायचा प्रश्न कुणाला पडतच नाही, पडतो तो गार करायचा. मे महिन्यात परभणीत पारा ४३-४४ ला टेकला की कूलरमध्ये पाणी ओतता ओतता दिवस जातो. हिवाळ्यात उलटं, कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच-सहावर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात शेकोटीचे फोटो, पण दुपारी बाराला अंगणात खुर्ची टाकून बसलं की संपली थंडी. त्यामुळं इंग्लंडातल्या घराचे रेडिएटर हा विषय माझ्या आयुष्यात यायचं काही कारण नव्हतं, तो आला अक्कामुळं.

अक्का अन् दाजी शेफिल्डला राहतात. दाजी आयटीत. तिथं त्यांनी जुनं घर घेतलं, १९०० च्या आसपासचं, ओळीनं चिकटून बांधलेली घरं असतात ना दोन्ही बाजूला शेजाऱ्याची भिंत, तसलं. दिसायला लई छान, विटांचं, पुढं बाहेर आलेली मोठी खिडकी, उंच छत. आधीच्या मालकानं पुढची अन् मागची खोली यातली भिंत पाडून एक लांबलचक हॉल केलेला. फोटो बघून आईनं इथं पेढे वाटले. अन् पहिल्याच हिवाळ्यात अक्काचा व्हिडिओ कॉल, स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला टोपी, अन् ती घरात बसलेली! आई म्हणली, "कामून गं, तिथं हिटर नाही का?" अक्का म्हणली, "आहे गं, चालूच आहे, तेच तर रडगाणं आहे."

मी वाळूजला एका औषध कंपनीत युटिलिटी बघतो, म्हणजे बॉयलर, चिलर, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर ही सगळी आवाज करणारी मंडळी आमच्याकडं. म्हणून नातेवाइकांत कुणाचा गीझर बिघडला तरी फोन मला येतो अन् हा पण आलाच. त्यातून जे काही कळलं ते लिहून ठेवतोय, कारण आपल्या भागातली कितीतरी पोरं आता तिकडं आहेत अन् जुनी घरं घ्यायलीत, अन् सगळ्यांच्या ग्रुपवर नोव्हेंबरपासून एकच रडणं असतं.

तर सिस्टीम अशी असते. किचनमध्ये नाहीतर कपाटात भिंतीला टांगलेला गॅसचा बॉयलर, त्यात आमच्यासारखी वाफबिफ काही नाही, पाणी नुसतं साठ-सत्तर डिग्री गरम होतं, पंप ते पाणी १५-२२ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपातून घरभर फिरवतो, प्रत्येक खोलीत भिंतीला पत्र्याचा रेडिएटर, पाणी त्यात उष्णता सोडून दहा-पंधरा डिग्री गार होऊन परत. बस. बहुतेक घरांत कॉम्बी बॉयलर असतो म्हणजे तोच आंघोळीचं पाणीपण जागेवर तापवून देतो, टाकी नाही.

अक्काच्या घरी तक्रार अशी की हॉलमध्ये काटा चौदा-पंधराच्या वर जातच नाही, दिवसभर लावून ठेवा नाहीतर रात्रभर. वरची एक बेडरूम मात्र इतकी गरम की भाचा बनियनवर झोपतो. दाराजवळच्या पॅसेजमध्ये पण मस्त गरम. बॉयलर सारखा पेटतो-विझतो, पेटतो-विझतो. अन् गॅसचं बिल मात्र पूर्ण. २०२२ चा हिवाळा होता तो, युक्रेनच्या लढाईनं गॅस भडकलेला, सरकारनं ऑक्टोबरपासून दर बांधून दिला तरी युनिटला दहा पेन्सच्या वरच होता.

एक हीटिंगवाला येऊन बघून गेला, पंधरा मिनिटं थांबला असेल. म्हणला तुमचा बॉयलर दमलाय, घराला पुरत नाही, ३५ किलोवॉटचा टाकू, अडीच-तीन हजार पाउंड. दाजी जवळजवळ हो म्हणले होते. अक्का म्हणली थांबा, आधी माझ्या भावाला विचारू. (भावाला विचारणं फुकट आहे, हे तिचं शास्त्र.)

मी विचारलं, आत्ताचा किती किलोवॉटचा? दाजी म्हणले तीस. मला खरंच वाटलं ते चुकीचं वाचायलेत. म्हणलं फोटो टाका नेमप्लेटचा. तीसच होता.

आता तीस किलोवॉट म्हणजे काय ते बघा. आपल्या बाथरूममधला इन्स्टंट गीझर ३ किलोवॉटचा असतो. त्याच्या दहापट. ही ताकद कशाला लागते तर आंघोळीला. तिकडं हिवाळ्यात नळाचं पाणी पाच-सात डिग्रीला येतं, ते चाळीसच्या वर न्यायचं म्हणजे ३५ डिग्री वाढवायची, अन् शॉवरला मिनिटाला बारा लिटर पाहिजे, तर गणित करा, बारा भागिले साठ, गुणिले ४.१८, गुणिले ३५, येतात बरोबर एकोणतीस-तीस किलोवॉट. म्हणून बॉयलर तीसचा. याच गणितानं आपल्या ३ किलोवॉटच्या गीझरातून हिवाळ्यात मिनिटाला सव्वा लिटरची धार येते अन् आपण प्लंबरला शिव्या घालतो.

घर गरम ठेवायला याचा जेमतेम पाव हिस्सा लागतो. अक्काचं घर अख्खं धरलं तरी कडाक्याच्या थंडीत सात-आठ किलोवॉटच्या पुढं जात नव्हतं. मग तीस पुरत नाही अन् पस्तीस पुरंल हे कसं काय? शेतात साडेसात एचपीची मोटार बसवली अन् पुढं ठिबकची एकच नळी जोडली तर पीक वाळणारच की, त्यावर दहा एचपीची मोटार घ्या म्हणून सांगणारा माणूस मोटार विकणारा असतो.

म्हणून बॉयलर बाजूला ठेवला अन् दाजींना टेप घेऊन हॉल मोजायला लावला. चार मीटर रुंद, सात मीटर लांब, उंची दोन पॉइंट सात. बाजूच्या भिंतींपलीकडं शेजारी, तिकडून उष्णता जात नाही असं धरलं. जाते ती चार ठिकाणांहून. पुढची-मागची मिळून पंधरा चौरस मीटर विटांची भिंत, नऊ इंची, मधे पोकळी नाही की काही नाही, तिचा यू व्हॅल्यू २.१ धरला. म्हणजे आत-बाहेर एक डिग्रीचा फरक असला तर दर चौरस मीटरमागं २.१ वॉट बाहेर. आत २१ पाहिजे, बाहेर उणे ३ धरायचं, फरक २४. झाले साडेसातशे वॉट. खिडक्यांच्या काचा साडेसहा चौरस मीटर, जुन्या डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचेच्या, २.८ नं धरल्या तर चारशे चाळीस. खाली लाकडी फळ्यांची जमीन, तिच्याखाली मोकळी हवा खेळती, तिथून पावणेपाचशे. अन् सगळ्यात मोठा चोर म्हणजे फटी. जुनं धुराडं, दाराखालची फट, फळ्यांमधल्या चिरा, तासाला खोलीतली हवा दीड वेळा बदलते असं धरलं तर नऊशे वॉट नुसते हवेबरोबर गेले. बेरीज अडीच हजारच्या थोडी वर. अडीच किलोवॉट. एसीच्या भाषेत साडेआठ हजार बीटीयू, पाऊण टनाच्या एसीला थोडी कमी.

आता त्या खोलीत रेडिएटर काय आहेत? दोन. दोन्ही सिंगल पॅनलचे, एक मीटरभर लांब, दुसरा ऐंशी सेंटिमीटर, उंची साठ. भिंत पाडायच्या आधी दोन वेगळ्या खोल्या होत्या, त्या काळात दोन्हीकडं कोळशाच्या शेगड्या, नंतर कुणीतरी जोडीला म्हणून हे छोटे लावले असणार. कॅटलॉगमध्ये असल्या दोघांचं मिळून साधारण अठराशे वॉट येतं. म्हणजे कागदावरच सातशे-आठशे कमी.

पण खरी गंमत इथून पुढं आहे अन् माझ्या मते सगळ्या लेखात एवढंच वाचलं तरी चालंल. ते अठराशे वॉट कधी मिळतात? रेडिएटरमधल्या पाण्याचं सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० डिग्री जास्त असलं तरच. म्हणजे बॉयलरमधून ७५ नं पाणी निघालं, ६५ नं परत आलं, सरासरी ७०, अन् खोली २० वर. युरोपात आता या ५० च्या फरकावरच रेटिंग छापतात. आधी ६० चा फरक धरायचे, अन् काही दुकानदार अजून तोच आकडा टाकतात कारण तो पंचवीस-सत्तावीस टक्के मोठा दिसतो, म्हणून विकत घेताना डेल्टा टी, म्हणजे हा फरक, किती ते आधी बघायचं, वॉट नंतर.

अन् दाजींनी काय केलेलं? त्या हिवाळ्यात टीव्हीवर, पेपरात, सगळीकडं सांगत होते की बॉयलरचं पाणी साठवर आणा, गॅस वाचतो. दाजींनी आणलं साठवर. आता ६० नं जाणार, ५० नं येणार, सरासरी ५५, खोली २१ असेल तर फरक राहिला ३४. उष्णता फरकाच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, त्याहून जास्त पडते, फरकाचा साधारण १.३ वा घात धरतात. ३४ भागिले ५०, त्याचा १.३ वा घात, उत्तर ०.६ येतं. अठराशेचे झाले अकराशे. पाहिजे अडीच हजार, मिळतात अकराशे. खोली पंधरावर अडकणार नाहीतर काय होणार! कॅल्क्युलेटरवर काढलं तेव्हा बाहेर दोन डिग्री असताना साडेचौदा-पंधरा आलं अन् अक्काच्या हॉलमधला काटा तिथंच उभा होता, तेव्हा मात्र जरा बरं वाटलं.

मग दाजी म्हणले, "म्हणजे ते टीव्हीवाले खोटं सांगत होते का रे?" नाही, खोटं नाही. बरोबरच सांगत होते पण अर्धं. इंग्लंडात २००५ पासून नवा बॉयलर कंडेन्सिंगच बसवावा लागतो. गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ असते, त्या वाफेत गॅसच्या एकूण उष्णतेतला दहाएक टक्के भाग दडलेला असतो, अन् परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असलं तरच ती वाफ बॉयलरच्या आत थंड होऊन पाणी बनते अन् ती उष्णता परत मिळते. पाणी ६५ नं परत येत असंल तर कंडेन्सिंग बॉयलर नावालाच कंडेन्सिंग, सगळं धुराड्यातून बाहेर. म्हणून पाणी कमी तापमानाला फिरवणं बरोबरच आहे. फक्त ज्याच्या घरातले रेडिएटर मोठे आहेत त्यालाच ते परवडतं. आता तर २०२२ च्या जूनपासून तिथल्या नियमातच आहे की नवी सिस्टीम टाकताना ५५ किंवा त्याच्या खालच्या पाण्यावर घर तापंल अशी टाका. म्हणजे नियम करणाऱ्याला पण माहितीय की गोष्ट रेडिएटरच्या मापावर येऊन थांबते.

बॉयलर सारखा पेटतो-विझतो त्याचं कारण पण यातच. तीस किलोवॉटचा तो बॉयलर आपला जाळ कमी करून करून सहा किलोवॉटपर्यंत येऊ शकतो, त्याच्या खाली नाही. अन् घरातले सगळे रेडिएटर मिळून कॅटलॉगचे नऊ किलोवॉट, म्हणजे साठच्या पाण्यावर साडेपाच. बॉयलर कमीत कमी सहा देणार, घर साडेपाचच घेणार, पाणी पटकन तापून मर्यादा ओलांडणार, बॉयलर बंद. दोन-तीन मिनिटांत परत चालू. त्या हीटिंगवाल्यानं हेच बघून बॉयलर दमलाय म्हणलं होतं. पस्तीसचा टाकला असता तर त्याचा कमीत कमी जाळ आणखी मोठा असण्याचीच शक्यता जास्त, म्हणजे अजूनच उड्या.

पॅसेजचा किस्सा वेगळाच. थर्मोस्टॅट म्हणजे घर किती गरम झालं ते बघून बॉयलरला थांब म्हणणारी डबी, ती लावलेली पॅसेजमध्ये. अन् पॅसेजमध्ये बॉयलरच्या सगळ्यात जवळचा, चांगला मोठा डबल पॅनलचा रेडिएटर. खोली केवढी, तर चपला काढण्याएवढी. ती दहा मिनिटांत वीसवर जायची, डबी म्हणायची झालं घर गरम, बॉयलर बंद, अन् हॉलमध्ये अक्का शाल घेऊन बसलेली. मग ती चिडून डबी २८ वर न्यायची. त्यानं खोली लवकर तापत नसते, पाणी आहे त्याच तापमानाला येतं, बॉयलर फक्त जास्त वेळ चालतो अन् पॅसेज अन् वरची बेडरूम आणखी तापते. दाजी त्याच्यावर उपाय म्हणून बॉयलरचं बटन वाढवायचे. बॉयलरवर दोन बटनं असतात, एकावर रेडिएटरचं चित्र, एकावर नळाचं. दाजी वाढवायचे ते नळाचं! आंघोळीचं पाणी भाजायचं अन् हॉल आहे तसाच.

मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बॅलन्सिंग केलं, म्हणजे सगळ्या रेडिएटरांना पाणी नीट वाटून दिलं. इकडं संध्याकाळ, तिकडं दुपार. मी आधी म्हणलं बॉयलरचं झाकण उघडायचं नाही, गॅसचं काम तिथं परवाना असलेल्या माणसानंच करायचं असा कायदा आहे अन् तो बरोबर आहे, पण रेडिएटरची चावी फिरवायला कुणाची ना नाही. रेडिएटरला दोन टोकांना दोन व्हॉल्व्ह. एक आकडे असलेला, आपण फिरवतो तो, खोली तापली की आपोआप आवळणारा. दुसऱ्यावर पांढरं प्लास्टिकचं टोपण, ते कुणी कधी काढत नाही. ते काढलं की आत पितळेचा चौकोनी दांडा दिसतो, त्यानं या रेडिएटरात पाणी किती जाऊ द्यायचं ते ठरतं. पाणी आळशी असतं, जवळचा रस्ता मोकळा असला की तिकडूनच परत येतं. पॅसेजच्या रेडिएटरला दाजींनी दोन्ही पाइपांना हात लावला तर दोन्ही सारखेच चटका देणारे, म्हणजे पाणी नुसतं शिरून निघून जायलंय. हॉलमधल्या लांबच्या रेडिएटरचा येणारा पाइप गरम, जाणारा गारढोण, म्हणजे पाणी पोचतंय पण थेंबथेंब.

तो लांबचा रेडिएटर सोफ्याच्या मागं. सोफा ओढला तर काय, भाच्याचे मोजे, बिस्किटाचे तुकडे, एक रिमोट जो हरवला म्हणून नवा आणला होता, अन् पत्र्याच्या जाळीत इतकी धूळ की हवा जायला जागाच नाही. रेडिएटर नाव असलं तरी खोली तापते ती जास्त करून खालून गार हवा शिरून वरून गरम निघण्यानं, तो रस्ताच बंद. दुसऱ्या रेडिएटरवर आधीच्या मालकानं शोभेची लाकडी पेटी बसवलेली, वर फुलदाणी. म्हणजे आधीच लहान, त्यात एक सोफ्यानं झाकलेला, एक पेटीत कोंडलेला. अन् जेवढा उघडा होता तेवढ्यावर अक्का टॉवेल वाळत घालायची! तिला म्हणलं अक्का, टॉवेल काढ. ती म्हणली मग वाळवू कुठं, इथं ऊन कुठंय. यावर मला उत्तर नव्हतं. पण ओले कपडे आत वाळवले की ते पाणी हवेत जातं अन् रात्री गार काचेवर, कोपऱ्यातल्या गार भिंतीवर बसतं, काळी बुरशी धरते, ती तिच्या मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात धरलेलीच होती.

दाजी गुडघ्यावर बसून पाना फिरवायलेत, अक्का फोन धरून, आई इकडून "अहो पाय आखडतील तुमचे" म्हणायलीय, असं ते काम चाललं. पॅसेजचा दांडा पूर्ण बंद करून फक्त पाव फेरा उघडा ठेवला. वरच्या गरम बेडरूमचा अर्धा फेरा. हॉलमधले दोन्ही पूर्ण मोकळे. पाइपाला चिकटवायचे दोन स्वस्तातले थर्मामीटर त्यांनी मागवले होते, येणाऱ्या अन् जाणाऱ्या पाण्यात सगळीकडं साधारण दहा-बारा डिग्रीचा फरक येईपर्यंत एकेक दांडा फिरवत राहायचं, अन् दर वेळी वीस मिनिटं थांबायचं, कारण एकाला आवळलं की दुसऱ्यांचं बदलतं. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही. हीटिंगवाल्याला तर यात काय मिळणार?

यातच एक बघून घेतलं. रेडिएटर वरून गार अन् खालून गरम असेल तर आत हवा, ती छोट्या चावीनं सोडायची, फुस्स आवाज होतो, पाणी आलं की बंद, अन् मग बॉयलरवरचं प्रेशर बघायचं, गार असताना एक ते दीड बार पाहिजे. खालून मधे गार अन् वरून गरम असेल तर आत काळा गाळ बसलाय, लोखंडाच्या गंजाचा, तो धुवून काढायला लागतो. अन् पूर्ण रेडिएटर वरून खालून छान गरम आहे, तरी खोली गार, तर मग रेडिएटर लहान आहे, बाकी काही नाही. पेटी काढली, सोफा हातभर पुढं ओढला, बॅलन्सिंग झालं, तर हॉलमधले दोन्ही याच तिसऱ्या प्रकारात आले.

थर्मोस्टॅटची डबी वायरलेस निघाली. नुसती दोन स्क्रूवर अडकवलेली. ती उचलून हॉलमधल्या कपाटावर ठेवली, झालं. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की ती हलते. फक्त ती जिथं ठेवली त्या खोलीतल्या रेडिएटरचा आकडेवाला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

तो हिवाळा दाजींना म्हणलं गॅस वाचवायचं विसरा अन् रेडिएटरच्या चित्राचं बटन ७५ वर न्या. हॉल बाहेर दोन डिग्री असताना एकोणीसपर्यंत जायला लागला. उणे तीनच्या रात्री सोळाच्या वर नाही जायचा, पण अक्काची टोपी निघाली.

उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, दोन्ही रेडिएटर बदलले. डबल पॅनल, डबल जाळीचे, तिकडं त्याला टाइप २२ म्हणतात, एक १.४ मीटरचा, दुसरा एक मीटरचा, उंची तीच साठ म्हणून खिडकीखाली बसले, भिंतीतून थोडे जास्त पुढं येतात एवढंच. दोन्ही मिळून कॅटलॉगचे ४१०० वॉट. साठच्या पाण्यावर ०.६ नं गुणलं की अडीच हजारला येतं, जेवढं पाहिजे तेवढंच. मोठे घ्यायचं कारण दाजींना दुकानदारानं विचारलं, म्हणे या खोलीला एवढे कशाला, ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर तर निम्मे येतात. येणारच, ते कॅल्क्युलेटर ७५ चं पाणी अन् बऱ्या भिंती धरून बसलेले असतात. दोन्हीचे मिळून पैसे बॉयलरच्या कोटेशनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास गेले, बसवायची मजुरी वेगळी. बॉयलर तोच, तीसचा. आता घर त्याच्याकडून पावणेसात किलोवॉट घेतं, म्हणजे त्याच्या सहाच्या वर, त्यामुळं थंडीत तो एकदा पेटला की मंद आचेवर बराच वेळ चालत राहतो अन् बाहेर पांढरी वाफ सोडतो. शेजारीण विचारायला आली होती म्हणे, तुमच्या बॉयलरमधून धूर येतोय.

सवय मात्र बदलावी लागली. आधी सकाळी तासभर, संध्याकाळी तीन तास लावायचे अन् मधे बंद. नऊ इंची वीट एकदा गार झाली की तिला परत तापवायलाच दोन तास जातात, अन् साठच्या पाण्यात ते जादाचे वॉट नसतात. म्हणून आता दिवसा पण सतरावर चालू ठेवतात. आईला हे पटत नाही. कुणी नसलेल्या खोलीत गॅस जाळायचा म्हणजे तिच्या लेखी पाप. मी तिला आकडे सांगायचा प्रयत्न सोडून दिला.

मागची बेडरूम अजून गार आहे, तिथला रेडिएटर पुढच्या वेळी. बाथरूममध्ये क्रोमचा टॉवेल अडकवायचा स्टँड हाच रेडिएटर म्हणून लावलाय, तो दिसायला चकाचक पण तीनशे-चारशे वॉटच्या पुढं जात नाही, वर टॉवेल टाकले की त्याहून कमी. अन् दाजींच्या डोक्यात आता हीट पंप (उलटा चालवलेला एसी म्हणा, बाहेरची उष्णता ओढून आत आणणारा) आलाय, सरकार साडेसात हजार पाउंड देतंय म्हणून. मी म्हणलं चांगली गोष्ट आहे, पण तो पंचेचाळीसच्या पाण्यावर नीट चालतो, तिथं हे नवे ४१०० वॉटचे रेडिएटर पण चौदाशेच्या आतच देतील, म्हणजे खोलीची गरज आधी चौदाशेवर आणायला पाहिजे, अन् ती येते फटी बुजवून अन् फळ्यांखाली उष्णता अडवणारी लोकर भरून. धुराड्याचं तोंड त्यांनी बुजवलंय. फळ्यांखालच्या कामाचं कोटेशन मागवलंय, ते आलं की परत टेप घेऊन मोजायला लावणार आहे त्यांना.